मागणीचें गणित

भाव चढला कीं गिऱ्हाईक हात आखडतें, ही गोष्ट समजावून देण्यासाठीं कोणा पंडिताची गरज नाहीं. आठवड्याच्या बाजारांत मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईलाहि ती ठाऊक असते, आणि दुपार टळल्यावर ती आपण होऊन भाव उतरविते. परंतु भाव अमुक इतका चढला तर माल नेमका किती कमी खपेल, असें विचारलें कीं अनुभवी व्यापारीहि घुटमळतो. 'कमी' आणि 'किती कमी' यांमध्यें जें अंतर आहे, तें ओलांडण्यास पाश्चात्य विद्वानांना सुमारें अडीचशें वर्षें लागलीं. त्या वाटचालींत धान्याच्या भावावर ज्यांचें जगणें-मरणें अवलंबून असतें अशा माणसांचा प्रश्न आरंभापासून गुंतलेला आहे. मागणीच्या गणिताला ही माणसें केव्हां दिसलीं आणि केव्हां दिसेनाशीं झालीं, हें ध्यानांत ठेवून हा इतिहास वाचला पाहिजे.

त्याचें पहिलें पान इंग्लंडांत लिहिलें गेलें. ग्रेगरी किंग (१६४८–१७१२) हा गृहस्थ सरदार घराण्यांच्या वंशावळी व मानचिन्हें यांची नोंद ठेवणारा अधिकारी होता. मोजदादीची त्याला विलक्षण हौस. १६९६ सालीं त्यानें इंग्लंडची लोकसंख्या, उत्पन्न आणि खर्च यांचे अंदाज बांधले. हें काम त्याच्या हयातींत स्वतंत्रपणें छापलें गेलें नाहीं. परंतु चार्ल्स डॅव्हेनंट या लेखकानें १६९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्याचा बराच उपयोग केला. त्याच ग्रंथांत धान्याविषयीं एक छोटें कोष्टक आहे. पीक १० टक्क्यांनीं कमी आलें तर भाव नेहमीपेक्षां ३० टक्क्यांनीं चढतो. २० टक्के तूट आली तर ८० टक्क्यांनीं. ३० टक्के तुटीला १६० टक्क्यांनीं. ४० टक्के तुटीला २८० टक्क्यांनीं. आणि निम्मेंच पीक आलें तर ४५० टक्क्यांनीं, म्हणजे भाव मूळच्या साडेपांच पट होतो. हें कोष्टक किंगचें कीं डॅव्हेनंटचें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तथापि 'किंगचा नियम' हें नांव त्याला कायमचें चिकटलें आहे.

या लहानशा कोष्टकांत केवढा अर्थ भरला आहे, हें थोडा हिशेब केला म्हणजे कळतें. समजा, एका मुलखांत एरव्हीं १०० खंडी धान्य पिकतें आणि भाव खंडीला १०० रुपये असतो. साऱ्या पिकाचे १०,००० रुपये होतात. पीक ९० खंडी आलें तर भाव १३० रुपये होऊन ११,७०० रुपये हातीं येतात. पीक ५० खंडींवर आलें तर ५५० रुपये भावानें तेंच उत्पन्न २७,५०० रुपयांवर जातें. धान्य निम्में आणि पैसा पावणेतीन पट! दुष्काळांत कोठारें कां मिटतात आणि साठेबाजाला वाईट पावसाळा कां आवडतो, याचें उत्तर या गुणाकारांत आहे. माणूस दागिना सोडतो, सण साधेपणानें करतो, पण भाकर सोडीत नाहीं. म्हणून धान्य थोडें घटलें तरी भाव फार चढतो. मात्र साडेपांच पट भाव ज्याला देववत नाहीं, त्याचें काय होतें, याविषयीं कोष्टक मौन पाळतें. त्या मौनाचें उत्तर मिळावयास फार काळ लागला.

यानंतर सुमारें १४० वर्षें कोष्टक कोष्टकच राहिलें. मागणीला समीकरणाचें रूप दिलें तें फ्रान्समधील ऑग्युस्तँ कूर्नो (१८०१–१८७७) यानें. हा मूळचा गणिताचा प्राध्यापक. पुढें शिक्षणखात्यांत मोठ्या अधिकारपदांवर चढला. १८३८ सालीं संपत्तीच्या उपपत्तींतील गणिती तत्त्वांविषयीं त्यानें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत मागणी हें किंमतीचें 'फल' आहे, म्हणजे किंमतीचा आंकडा दिला कीं खपाचा आंकडा त्यापासून निघतो, असें त्यानें मांडलें. एकट्या माणसाची खरेदी उड्या मारीत बदलते; छत्री महाग झाली म्हणून कोणी अर्धी छत्री घेत नाहीं. परंतु बाजार जितका मोठा आणि गिऱ्हाइकांच्या गरजा, ऐपती व लहरी जितक्या विविध, तितकी एकूण खपाची रेषा गुळगुळीत होत जाते, हें कूर्नोनें ओळखलें. रेषा गुळगुळीत झाली म्हणजे तिला कलनशास्त्राचे नियम लावतां येतात. औषधी पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचें उदाहरण घेऊन त्यानें तें करून दाखविलें. पाणी काढण्यास खर्च नाहीं असें धरल्यास, भाव फार चढवून गिऱ्हाईक नाहींसें होतें, आणि फार उतरवून खप वाढला तरी हातीं कांहीं लागत नाहीं. या दोहोंमध्यें एक भाव असा असतो कीं तेथें भाव आणि खप यांचा गुणाकार सर्वांत मोठा होतो. तो भाव समीकरणानें काढतां येतो.

कूर्नोनें येथें एक मर्यादाहि आखून घेतली. ज्या मागणीचा शेवट विक्रींत होत नाहीं, ती हिशेबांत धरण्याचें शास्त्राला कारण नाहीं, अशी त्याची भूमिका होती. गणिताच्या दृष्टीनें ही भूमिका योग्यच होती. कारण मनांतली इच्छा मोजतां येत नाहीं, दुकानांतली विक्री मोजतां येते. परंतु याच क्षणीं 'गरज' आणि 'मागणी' या दोन शब्दांची फारकत झाली. ज्याच्या पोटांत भूक आहे पण हातांत पैसा नाहीं, असा मनुष्य कूर्नोच्या समीकरणांत शून्य ठरला. ग्रंथाचें नशीबहि चांगलें नव्हतें. समीकरणांना भिऊन वाचक फिरकलेच नाहींत. १८६३ सालीं कूर्नोनें तोच विषय गणित वगळून पुन्हां लिहिला, तरीहि यश आलें नाहीं. त्याची खरी योग्यता जगाला कळूं लागली ती त्याच्या आयुष्याच्या अखेरीस आणि मृत्यूनंतर.

याच सुमारास फ्रान्समध्येंच रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यांतील एक इंजिनियर निराळ्या वाटेनें त्याच प्रश्नापाशीं आला. त्याचें नांव झ्यूल द्यूप्वी (१८०४–१८६६). पूल बांधला तर लोकांचा फायदा किती होतो, हें मोजावें कसें, असा त्याच्यापुढें प्रश्न होता. टोलाच्या नाक्यावर जमलेली रक्कम म्हणजे फायदा, असें सामान्यतः समजलें जाई. १८४४ सालीं लिहिलेल्या निबंधांत द्यूप्वीनें ही समजूत चुकीची ठरविली. टोल एका पैशानें वाढविला कीं कांहीं माणसें पुलावरून जाणें सोडतात; त्यांना पुलाचा उपयोग त्या पैशापुरताच होता हें कळतें. असा टोल पायरीपायरीनें वाढवीत नेला म्हणजे प्रत्येकाला पुलाची किंमत किती वाटते याची शिडीच तयार होते. जो मनुष्य पांच पैसे देण्यास तयार आहे पण एकच पैसा देतो, त्याच्या पदरांत चार पैशांचा लाभ शिल्लक राहतो. हा शिलकी लाभ टोलाच्या पेटींत कधींच दिसत नाहीं. आणि टोल अजिबात काढून टाकला तर तो सर्वांत अधिक होतो. सार्वजनिक कामांचा खर्च आणि लाभ तोलण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिचें एक मूळ या पुलापाशीं आहे.

फ्रेंच पंडित भाव आणि खप यांचा विचार करीत असतां, जर्मनींत व बेल्जममध्यें दुसऱ्या एका बाजूनें या विषयाला हात घातला गेला, आणि तो हात थेट गरिबाच्या चुलीपाशीं पोंचला. एदुआर द्यूकपेस्यो या बेल्जममधील तुरुंगांच्या निरीक्षकानें १८५५ सालीं मजूरवर्गाच्या घरखर्चाचीं अंदाजपत्रकें प्रसिद्ध केलीं. ड्रेस्डेन येथील सॅक्सनी राज्याच्या सांख्यिकी कचेरीचा प्रमुख एर्न्स्ट एंगेल (१८२१–१८९६) यानें त्यांतील १५३ कुटुंबांचे आंकडे घेऊन १८५७ सालीं आपला प्रसिद्ध नियम मांडला. या कुटुंबांचे तीन वर्ग होते: सार्वजनिक मदतीवर जगणारे, मदतीवांचून कसेंबसें भागविणारे, आणि बऱ्या स्थितींतले. पहिल्या वर्गाचा सुमारें ७१ टक्के खर्च अन्नावर होत होता, दुसऱ्याचा सुमारें ६७ टक्के आणि तिसऱ्याचा सुमारें ६२ टक्के. कुटुंब जितकें गरीब, तितका त्याच्या खर्चांत अन्नाचा वांटा मोठा, हा तो नियम. अर्थशास्त्रांतील पुष्कळ सिद्धान्त काळाच्या ओघांत मोडले. एंगेलचा नियम मात्र देशोदेशींच्या पाहण्यांत पुन्हां पुन्हां खरा ठरला आहे.

द्यूकपेस्योनें मजुराच्या आहाराची तुलना कैद्याच्या आहाराशीं केली होती, आणि ती मजुराच्या बाजूनें लाजिरवाणी ठरली होती. दोन दशकांनंतर तशीच तुलना मुंबईंत ऐकूं आली. दादाभाई नौरोजी यांनीं हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला निबंध १८७६ सालीं मुंबईंत वाचला. देशाचें दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारें २० रुपये आहे, असा त्यांचा हिशेब होता. आणि सरकार कैद्याच्या अन्नवस्त्रासाठीं जेवढें खर्च करतें तेवढेंहि उत्पन्न सामान्य रयतेच्या वांट्याला येत नाहीं, असें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून दाखविलें. दादाभाईंनीं समीकरणें मांडलीं नाहींत. परंतु मागणीचें गणित ज्याला वगळून चाललें होतें तो मनुष्य त्यांनीं हिशेबाच्या वहींत आणून बसविला.

मागणीच्या कल्पनेला आज पाठ्यपुस्तकांत जें रूप आहे, तें केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शल (१८४२–१९२४) यानें दिलें. प्रकृतीसाठीं सिसिलींतील पालेर्मो येथें राहिला असतां १८८१ सालीं त्याला 'लवचिकते'ची कल्पना सुचली, आणि १८९० सालच्या त्याच्या ग्रंथांतून ती सर्वत्र पसरली. भाव शेंकडा एक बदलला असतां खप शेंकडा किती बदलतो, या प्रमाणाला त्यानें मागणीची लवचिकता म्हटलें. मिठासारख्या वस्तूची लवचिकता फार थोडी. चैनीच्या वस्तूची पुष्कळ. या एका आंकड्यामुळें मीठ आणि मोती, रेल्वेचें तिकीट आणि कोळसा यांची तुलना एकाच मापानें करतां येऊं लागली. सरकारांनाहि हा आंकडा हवाच होता. कारण ज्या मालाची मागणी लवचिक नाहीं, त्याच्यावर कर बसविला तर उत्पन्न हमखास मिळतें. तो कर कोणाच्या अंगावर पडतो, हा प्रश्न मात्र त्या आंकड्यांत नसतो.

१८९५ सालच्या आवृत्तींत मार्शलनें एक चमत्कारिक अपवाद नोंदविला आणि त्याचें श्रेय सर रॉबर्ट गिफेन यांना दिलें. पाव महाग झाला असतां अतिशय गरीब कुटुंबें पाव कमी न घेतां उलट अधिक घेतात, असा तो अपवाद. हें कसें घडतें? समजा, एका मजुराजवळ आठवड्याला १०० पेन्स आहेत आणि पोट भरण्यास ८ मापें अन्न हवें आहे. पावाचें माप १० पेन्सांना आणि मांसाचें माप २० पेन्सांना मिळतें. ६ मापें पाव आणि २ मापें मांस घेतलें कीं त्याचे पैसेहि पुरतात आणि पोटहि भरतें. आतां पाव साडेबारा पेन्स झाला. पूर्वीचीच खरेदी करूं गेल्यास ११५ पेन्स लागतील. तेवढे त्याच्याजवळ नाहींत. मांस टाकून ८ मापें पावच घेतला तर बरोबर १०० पेन्सांत भागतें. भाव वाढला, आणि पावाची खरेदी ६ वरून ८ वर गेली. पाव आणखी महाग होऊन २० पेन्सांवर गेला, तर त्याला ५ च मापें मिळतील. म्हणजे भाव चढला तशी मागणी घटली, आणि नियम पुन्हां जागेवर आला! परंतु या ठिकाणीं नियम पाळला गेला तो मजूर उपाशी राहिला म्हणून. कागदावरची रेषा पाहून हें ओळखतां येत नाहीं.

गिफेनच्या स्वतःच्या लिखाणांत मात्र असें विधान शोधूनहि सांपडलेलें नाहीं. १८४५ सालच्या आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळाचें उदाहरण कित्येक वर्षें पाठ्यपुस्तकांत देण्यांत येत असे. तेंहि टिकत नाहीं. कारण बटाट्याचें पीकच बुडाल्यावर लोकांनीं बटाटे अधिक खाल्ले कोठून? खात्रीलायक पुरावा मिळण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या अमेरिकन अभ्यासकांनीं चीनच्या हुनान प्रांतांत गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत देऊन त्यांच्या खरेदीचें निरीक्षण केलें. तांदूळ स्वस्त झाल्यावर त्या कुटुंबांनीं तांदूळ कमी घेतला, असें त्यांच्या २००८ सालच्या निबंधांत नमूद आहे. मार्शलनें लिहून ठेवलेली गोष्ट ११३ वर्षांनीं प्रयोगानें सिद्ध झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मार्शलची काल्पनिक रेषा प्रत्यक्ष आंकड्यांवरून काढण्याचा उद्योग सुरू झाला. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक हेन्री मूर यानें १९१४ सालीं मका, गवत, ओट आणि बटाटे यांच्या भावांचे व पिकांचे आंकडे घेतले आणि अपेक्षेप्रमाणें उतरती रेषा काढली. मग त्यानें ओतीव लोखंडाचे आंकडे घेतले. तेव्हां रेषा वर चढूं लागली. भाव वाढतो तसें लोखंड अधिक खपतें, हा मागणीचा नवाच प्रकार आहे, असें मूरनें जाहीर केलें. विद्वानांनीं त्याची हजेरी घेतली, आणि एल्मर वर्किंग यानें १९२७ सालीं घोटाळ्याचें मूळ स्पष्ट केलें. बाजारांतला प्रत्येक भाव मागणी आणि पुरवठा या दोन रेषांच्या छेदांतून निघतो. शेतमालाचा पुरवठा पावसापाण्याप्रमाणें दरसाल हलतो आणि खाणारीं तोंडें तींच राहतात. म्हणून हलत्या पुरवठ्याच्या ठिपक्यांनीं मागणीची रेषा उमटते. लोखंडाचें उलट आहे. भरभराटीच्या वर्षीं मागणी वाढते, मंदींत घटते, आणि कारखाने तेच असतात. म्हणून ठिपके पुरवठ्याच्या रेषेवर पडतात. मूरनें पुरवठ्याची रेषा काढून तिला मागणी म्हटलें होतें. केवळ आंकडे गोळा केल्यानें सत्य हातीं येत नाहीं. आंकडे कशामुळें हलले हें आधीं समजावें लागतें, हा धडा शास्त्राला या लोखंडानें दिला.

दुसरा धडा रशियांतून आला. कीव्ह येथील येवगेनी स्लुत्स्की (१८८०–१९४८) यानें १९१५ सालीं एका इटालियन मासिकांत निबंध लिहिला. भाव वाढला म्हणजे दोन गोष्टी एकदम होतात, असें त्यानें गणितानें दाखविलें. ती वस्तु इतर वस्तूंच्या मानानें महाग होते, म्हणून मनुष्य दुसरीकडे वळतो. आणि त्याच वेळीं त्याची थैली जणूं हलकी होते, म्हणून तो एकंदरींतच गरीब होतो. मार्शलच्या मजुराचें कोडें येथें सुटतें. पाव महाग झाल्यानें तो पावापासून थोडा दूर ढकलला जातो खरा, पण तो इतका गरीब होतो कीं मांस सोडून पावाकडेच परत येतो. महायुद्धाच्या धुमाळींत हा निबंध कोणी वाचला नाहीं. १९३४ सालीं जॉन हिक्स आणि रॉय अॅलन यांनीं लंडनांत स्वतंत्रपणें तींच तत्त्वें मांडलीं, आणि त्यानंतर स्लुत्स्कीचा अग्रमान सर्वांनीं मान्य केला. शिकागोच्या हेन्री शुल्ट्झ यानें उपपत्ति आणि प्रत्यक्ष आंकडे यांचा मेळ घालणारा मोठा ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षीं तो मोटारीच्या अपघातांत सहकुटुंब मरण पावला.

यानंतर एकेका वस्तूची मागणी न मोजतां साऱ्या घरखर्चाचें एकच गणित मांडण्याकडे लक्ष लागलें. केंब्रिजच्या रिचर्ड स्टोन यानें १९५४ सालीं ब्रिटिश आंकड्यांवर अशी पद्धत लावून दाखविली. पुढें १९८४ सालीं राष्ट्रीय हिशेबाच्या कामाबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या पद्धतींतली कल्पना कोणत्याहि गृहिणीला पटेल अशी आहे. घरांत प्रथम प्रत्येक वस्तूची किमान गरज बाजूला काढावयाची आणि उरलेली रक्कम ठराविक प्रमाणांत वांटावयाची. समजा, किमान अन्नाला ४० रुपये आणि इतर किमान गरजांना २० रुपये लागतात, आणि उरलेल्या रकमेचा चौथा हिस्सा अन्नाकडे जातो. उत्पन्न १०० रुपये असेल तर ४० उरतात. त्यांतले १० अन्नाला मिळून अन्नखर्च ५० रुपये, म्हणजे निम्मा होतो. उत्पन्न २०० झालें तर १४० उरतात. अन्नखर्च ७५ रुपये, म्हणजे साडेसदतीस टक्के. एंगेलचा नियम या सूत्रांतून आपोआप निघतो. पण उत्पन्न ५० रुपयेच असेल तर? शिल्लक उणे १० येते, आणि सूत्र निरर्थक होतें. किमान गरज भागल्यावांचून हें गणित सुरूच होत नाहीं. किंगच्या कोष्टकानें ज्याच्याविषयीं मौन पाळलें, तो मनुष्य अडीचशें वर्षांनंतरहि दाराबाहेरच होता.

त्याला आंत घेण्याच्या कामांत हिंदुस्थानाचा वांटा मोठा आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकारानें १९५० सालीं राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि खेडोपाडीं हजारों घरांतून काय खाल्लें, काय नेसलें, किती खर्चिलें याची नोंद होऊं लागली. एंगेलजवळ १५३ कुटुंबें होतीं. येथें साऱ्या देशाच्या घरखर्चाचें चित्र मिळूं लागलें. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीं या नोंदी हातीं घेतल्या. दिवसाला माणशीं २,२५० उष्मांकांचा आहार कोणत्या खर्चाच्या पायरीवर मिळतो, हें त्यांनीं पाहिलें. १९६०-६१ च्या भावांनीं खेड्यांत माणशीं महिना १५ रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये अशी रेषा त्यांनीं आखली. खेड्यांतील सुमारें ४० टक्के आणि शहरांतील सुमारें ५० टक्के लोक तिच्या खालीं होते. त्यांचें हें विवेचन १९७१ सालीं प्रसिद्ध झालें आणि दारिद्र्यरेषेचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेच्या मध्यभागीं आला. कूर्नोनें गरज आणि मागणी यांची जी फारकत केली होती, ती जोडण्याचा हा प्रयत्न होता.

महाराष्ट्राच्या खेड्यांनीं या शास्त्राला आणखी एक देणगी दिली आहे. १९८३ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणींत ग्रामीण महाराष्ट्रांतील पांच हजारांहून अधिक कुटुंबांच्या खर्चाची नोंद आहे. अँगस डीटन आणि शंकर सुब्रमण्यन् यांनीं तिचा अभ्यास करून १९९६ सालीं निबंध प्रसिद्ध केला. घरचा एकूण खर्च १० टक्क्यांनीं वाढला तर पोटांत जाणारे उष्मांक सुमारें ३ ते ५ टक्क्यांनींच वाढतात, असें त्यांना आढळलें. अन्नावरचा बाकीचा वाढीव पैसा अधिक महाग अन्नाकडे जातो. ज्वारीच्या जागीं गहू व तांदूळ येतो. गरीब मनुष्यहि केवळ पोट भरण्यासाठीं खात नाहीं, त्यालाहि चव असते, बदल हवा असतो, ही साधी माणुसकीची गोष्ट आंकड्यांनीं सांगितली. डीटन यांना उपभोग, दारिद्र्य आणि कल्याण यांच्या अभ्यासाबद्दल २०१५ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

किंगच्या कोष्टकाची अखेरची परीक्षा १९४३ सालीं बंगालमध्यें झाली होती. डिसेंबर १९४२ मध्यें कलकत्त्यास तांदूळ मणाला १३-१४ रुपये होता. मे १९४३ मध्यें तो ३० रुपयांच्या वर गेला. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें त्या वर्षींचें धान्य मागील ५ वर्षांच्या सरासरीपेक्षां फार तर ५ टक्क्यांनीं कमी होतें, आणि १९४१ पेक्षां तर अधिकच होतें. तुटीच्या या अंदाजावर इतर अभ्यासकांचे आक्षेप आहेत. पण तो धरून चालल्यास, किंगच्या प्रमाणानें एवढ्या तुटीला भाव १५ टक्क्यांच्या आंतच चढावयास हवा होता. तो दुपटीहून अधिक चढला, कारण मागणीची रेषाच जागेवरून हलली होती. युद्धाचा पैसा शहरांत ओतला गेला. ज्यांच्या हातीं तो पैसा आला ते महाग तांदूळ घेऊं शकले. आणि ज्यांची मजुरी होती तेथेंच राहिली ते शेतमजूर, कोळी आणि कारागीर बाजाराबाहेर फेकले गेले. सेन यांच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ३० लाख माणसें मरण पावलीं. बाजाराच्या भाषेंत बोलावयाचें तर तांदळाची जेवढी मागणी होती तेवढी पुरी झाली होती.

गणिताला यांत दोष देण्याचें कारण नाहीं. तराजूंत जें घालावें तेंच तो तोलतो. मागणीच्या रेषेनें कर किती बसवावा, टोल किती ठेवावा, सवलतीचें धान्य कोणाला द्यावें, हे प्रश्न अंदाजपंचे सोडविण्याची वेळ राज्यकर्त्यांवरून टाळली, हा तिचा मोठा उपकार आहे. परंतु ती रेषा पैशानें बोलणाऱ्यांचीच मोजदाद करते, हें तिचा उपयोग करणाराला सदैव आठवलें पाहिजे. म्हणून एका हातांत कूर्नोचें समीकरण असावें आणि दुसऱ्या हातांत घरोघर फिरून लिहिलेली खर्चाची वही असावी. भाव चढल्यावर खप किती घटला हें समीकरण सांगेल; घटलेल्या खपांत किती घरच्या चुली विझल्या हें वही सांगेल. दोन्ही वाचल्यावांचून धान्याच्या भावाविषयीं कोणताहि निर्णय घेऊं नये, हें अडीचशें वर्षांच्या या अभ्यासाचें सार आहे.